चाकावरचा डावा हात

काशिनाथ बाळू सोनावळे, राहणार कोंडाणे, तालुका कर्जत, याच्यावर अन्याय झाला. १९७८ साली, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, मोहोपाड्याच्या एका केमिकल कारखान्यात, दुसऱ्या पाळीत, चहाच्या सुट्टीच्या जरा आधी. हे मी पहिल्याच ओळीत लिहितोय. कारण पुढचं वाचून तुम्ही माझ्याबद्दल बोलत बसाल... आणि तो पुन्हा राहून जाईल. आजवर दरवेळी तसंच झालंय.

तुमच्या सदरातले अनुभव मी वाचतो. विहिरीवरची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा, वगैरे. आमच्या कामगार कमिटीच्या खोलीत मी ते आवाज काढून वाचून दाखवायचो आणि सगळे पोट धरून हसायचे. मी स्वतः असलं काही लिहीन असं कोणी म्हटलं असतं, तर त्याच्या अंगावर पत्रकांचा गठ्ठा फेकला असता.

आमच्या घराला या गोष्टींची सवय नाही. छप्पन साली आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि दहिवलीजवळ उल्हास नदीत सोडायला निघाले. आजी मागोमाग रडत, "निदान खंडोबा तरी ठेवा वो." आजोबा म्हणाले, "पवतोय का बघू. पवला तर घरी आनू." बुडाला. तेव्हापासून आमच्या घरात देव नाही, भूत नाही आणि आत्मा तर नाहीच नाही. कारण असतं, परिणाम असतो, बस. हे मला मुळाक्षरांच्या आधी शिकवलंय. मी आज पंचविशीत आहे, कॉलेज सोडल्यापासून कामगारांसाठी पत्रकं लिहितो. पत्रकाला आत्मा लागत नाही. कोणावर, कुठं, कधी, कोणी, आणि मागणी काय, एवढंच लागतं.

तर कोणावर, ते सांगतो.

या कारखान्यात प्रत्येक कायम कामगाराला एक पितळी बिल्ला असायचा. त्यावर नंबर. पाळीला येताना टाइम ऑफिसच्या खिडकीतून घ्यायचा, छातीला लावायचा, सुटताना परत करायचा. गेटवरचा वॉचमन तोंड बघत नाही, नंबर बघतो. आता कायम कामगार आजारी पडला, जास्त दिवस घरी राहिला, की त्याची नोकरी जायची. मग काय करायचं? भाऊ पाठवायचा. मेहुणा पाठवायचा. तो बिल्ला लावतो, काम करतो, नाव याचं चालू राहतं. मुकादमाला ठाऊक, टाइम ऑफिसला ठाऊक, सगळ्यांना ठाऊक. बिल्ला हजर ना? मग झालं तर. आत कोण शिरलंय, याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं.

काशिनाथचा चुलतभाऊ दत्तू कायम होता. त्याला कावीळ झाली. तो औषधपाण्याला कोंडाण्याला जाऊन झोपला आणि त्याच्या मोहोपाड्याच्या खोलीवर काशिनाथ आणि त्याची बायको सुमन राहायला आले. पाऊस सुरू झाल्यापासून काशिनाथ दत्तूच्या बिल्ल्यावर दत्तू होता. आतले लोक त्याला "दत्तू" म्हणूनच हाक मारायचे आणि तो ओ द्यायचा.

त्या दिवशी व्हॉल्व्हवर तो एकटाच होता. जोडीदार चहाला पुढं गेला होता. व्हॉल्व्हपाशी गळती झाली, वाफ त्याच्या हातांवर, तोंडावर आणि छातीत गेली. त्याला मागच्या गेटनं जीपमधून काढलं आणि एका खाजगी दवाखान्यात टाकलं. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं: घरी स्टोव्हचा भडका.

सुमनवहिनी मला पहिल्या भेटीत म्हणाली, "भाऊ, आमच्याकडं स्टो हायच कुठं? चूल हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम टेंपो घेऊन कोंडाण्याला गेला. दत्तूला अंथरुणातून उठवला, आणला आणि पाळी सुरू व्हायच्या वेळी गेटवर उभा केला. कामगार आत जाताना मुकादम ओरडत होता, "ह्यो दत्तू! बिल्ला ह्येचा, हजेरी ह्येची. सांगा, ह्येला कुटं भाजलंय? काल कोन भाजला मग?" दत्तूचे डोळे हळदीसारखे पिवळे, पाय लटपटत होते. सगळ्यांनी बघितलं. कोणी बोललं नाही. दत्तूही नाही.

म्हणजे हिशेब असा: व्हॉल्व्हवर दत्तू होता. दत्तूला काही झालेलं नाही. म्हणून काही झालेलं नाही.

मी पत्रक काढलं: बिल्ला भाजत नाही, माणूस भाजतो! नुकसानभरपाई ही नंतरची गोष्ट होती. पहिली मागणी एकच: तिथं काशिनाथ होता, हे मान्य करा. एका माणसाचं नाव. तेवढंसुद्धा जमेना.

कामगार कुजबुजायला लागले तसं कंपनीनं काय करावं? स्टाफ कॉलनीच्या हॉलमध्ये व्याख्यान ठेवलं. विषय: 'मी कोण?' वक्ते दहिवलीचे परांजपे मास्तर.

मास्तरांबद्दल खोटं लिहिणार नाही. त्यांनी मला सातवीत गणित शिकवलंय. त्यांच्या आळीतला, आमच्या घरी बसून पाणी पिणारा तो पहिला माणूस. निवृत्त झाल्यावर दर रविवारी ओटीवर वेदान्त सांगायचे, फुकट. पण त्या दिवशी हॉलमध्ये ते काय म्हणाले, ऐका.

"बिल्ले कितीही असोत, पितळ एकच. नंबर खोडा, पितळ राहतंच. तशी अंगं वेगळी, नावं वेगळी. आतून बघणारा मात्र एकच आहे. त्याला भाजत नाही, त्याला भिजवता येत नाही. दुःख होतं ते नंबराला."

मी मागून ओरडलो, "मास्तर, मग पगारपण पितळेलाच द्यायला सांगा!"

हॉल हसला. एक जण म्हणाला, "आन् बोनस चकचकीत करायच्या पावडरीचा!" मास्तरसुद्धा हसले, आणि त्यामुळं माझं डोकं जास्तच फिरलं.

बाहेर त्यांनी मला गाठलं. "मिलिंद, मी कंपनीचा माणूस नाही रे."

"मग कोणाचे?"

"कोणाचाच नाही. तेच तर सांगत होतो मघापासून."

"बघा. भाजलेला पण कोणाचाच नाही. तुमचं आणि कंपनीचं चांगलं जमतंय."

छत्री उघडायला त्यांना फार वेळ लागला.

दवाखान्यानं काशिनाथला घरी सोडलं तेव्हा मी कोंडाण्याला गेलो. त्याआधी मी त्याला कधी पाहिलेला नव्हता. हे लक्षात ठेवा. पडवीत बाजेवर पडलेला, बोटं पट्टीत एकमेकांना चिकटलेली, घसा आतून गेलेला. डॉक्टर म्हणाले होते, आवाज परत येणार नाही. मी वहीपेन्सिल बाजूला ठेवली आणि साधे प्रश्न विचारले, मान हलवली तरी चालेल असे. हातमोजे दिले होते का? व्हॉल्व्हचं चाक नीट होतं का? त्यानं मानही हलवली नाही. आढ्याकडं बघत राहिला. तासभर बसलो. त्यानं मला एकही गोष्ट सांगितली नाही. हेही लक्षात ठेवा.

मधेच ट्रान्झिस्टर लटकवलेली दोन पोरं आली. सहलीची. "लेणी कुठं आहेत हो?"

सुमनवहिनीनं हात वर केला. "तकडं वर. पन आत कोन नाय. नुसता दगड हाय." मग पदरानं नवऱ्याच्या तोंडावरच्या माश्या वारत बसली.

निघताना ती मला म्हणाली, "भाऊ, ते फक्त येवड्यासाठी जगून ऱ्हायलेत. कोनीतरी म्हनावं, ते तिथं व्हते म्हनून. दत्तूभावजींना सांगा की वो."

दत्तू शेजारच्याच घरात होता. मी गेलो. तो भाकरी खात होता, मान वर केली नाही. "माजी कायमची नोकरी हाय, मिलिंद. मी म्हनलो की मी नव्हतो, तर मी पन जातो आन् तो पन वाचत नाय. दोगं मेलेलं बरं का येक?"

त्यानं भाकरीचा पुढचा तुकडा मोडला आणि मी बाहेर आलो.

दिवाळीनंतर खालापूरला चौकशी लागली. कामगार खात्याचे एक साहेब, कंपनीचे पर्सोनेल ऑफिसर, मुकादम, दत्तू, सुमनवहिनी आणि मी. भर दुपार, बाहेर ऊन, आत पंखा घरघरत होता. वातावरण वगैरे काही नव्हतं.

साहेबांनी दत्तूला विचारलं, "त्या दिवशी व्हॉल्व्हवर कोण होतं?"

"मी व्हतो, साहेब."

"काही अपघात?"

"नाय."

सुमनवहिनी त्याच्याकडं बघत होती. तो भिंतीकडं.

मग साहेब मला म्हणाले, "तुमचं म्हणणं, तिथं काशिनाथ होता. बघितलंत? नाही. कोणी बघितलं? नाही. मग निदान तो तिथं काय करत होता, ते तरी सांगा."

मी उठलो. पत्रकातलंच बोलणार होतो: 'सुरक्षेची साधनं न पुरवता...' तोंडपाठ होतं. तोंड उघडलं.

आता जे झालं ते नीट लिहायचा प्रयत्न करतो. प्रकाश दिसला नाही. आवाज आला नाही. अंगात आलं नाही. अंगात आलेली माणसं मी लहानपणापासून बघितलीत आणि त्यांना टाळ्या वाजवून परतही पाठवलंय. मला फक्त आठवलं. सकाळी काय खाल्लं ते जसं आठवतं, तसं. साधं, शिळं, आपलंच.

मी म्हणालो, "चाकाचा एक भाग तुटलेला होता. तिथं धार आलेली. हात कापायचा. आणि तापायचं पण. म्हणून मी चिंधी गुंडाळली होती. हिरवी. काठाकडची, जाड असते म्हणून. दोन वेढे आणि खालून गाठ. उजव्या हातानं शिडीचा दांडा धरला आणि डाव्या हातानं चाक आवळलं. आवळेना. मग दोन्ही हातांनी आवळायला दांडा सोडला, तेवढ्यात ते आलं. आधी वास नाही येत. आधी जीभ गोड होते."

कंपनीच्या ऑफिसरनं पेन खाली ठेवलं. हळूच म्हणाला, "ती चिंधी तुम्हाला कोणी दाखवली?"

साहेबांनी वर बघितलं. "कुठली चिंधी?"

"नाही... काही नाही."

सुमनवहिनी उभी राहिली होती. "माज्या लुगड्याचा काठ हाय तो. हिरवा. त्याच दिवशी सकाळी फाडला तेनी. कशाला ते मला पन सांगितलं नाय!"

"बाई, तुम्हाला कोणी विचारलेलं नाही. खाली बसा."

मी थांबायला हवं होतं. पण आठवत होतं ना... आठवायचं कसं थांबवणार? मी म्हणालो, "काठ फाडला म्हणून ती चिडली. म्हणाली, 'आता चिंध्याच नेसू का?' मी म्हणालो, 'नेस.' आणि निघून आलो. दांडा सोडताना तेच डोक्यात होतं. तिला तसं बोलायला नको होतं."

सुमनवहिनीनं पदर तोंडात कोंबला. दत्तूनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं, आणि मला त्याचे डोळे आठवतात. भूत बघितल्यासारखे नव्हते. भाऊ बघितल्यासारखे होते.

तिथं एक क्षण असा होता की सगळं होऊन गेलं असतं. दत्तूचे ओठ हलले होते. पण तेवढ्यात ऑफिसर सावरला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, कृपया नोंद घ्या. हे गृहस्थ म्हणतात की चाकावर हे होते. आत कसे शिरले, व्हॉल्व्हला काय केलं, ते आता यांनीच सांगावं. आमच्या प्लँटमध्ये घुसखोरी झालेली दिसते."

मी म्हणालो, "मी नव्हतो! काशिनाथ होता!"

"आत्ता तर 'मी' म्हणालात. सगळ्यांनी ऐकलं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "सोनावळे?" ते दत्तूला म्हणाले. "तुम्हाला अजून काही सांगायचंय?"

दत्तूचे ओठ मिटले होते. "नाय साहेब. मीच व्हतो."

एका चाकावर दोघं जण उभे होतो, दत्तू आणि मी. दोघांचीही नोंद झाली. जो खरोखर होता, त्याला जागाच उरली नाही.

कंपनीनं माझ्याविरुद्ध तक्रार दिली. फौजदारांनी बोलावलं. देशावरचे होते, जाडजूड, स्वभावानं वाईट नव्हते. तक्रार वाचून हसायलाच लागले.

"अहो, त्या दिवशी मी कर्जतला जादा बंदोबस्ताला होतो की! तुम्ही बाजारात टेंपोवर चढून भोंग्यावर बोंबलत होता, महागाईवर. सरकारला काय काय शिव्या दिल्या, ते पण सांगतो, पाहिजे तर."

"मग लिहा तसं."

"लिहितो. तुम्ही तिथं नव्हता. सुटला." मग त्यांनी पान तोंडात इकडून तिकडं केलं. "पर एक विचारू? मधीच थांबला का होता?"

"कधी?"

"भाषणात. 'बंधूंनो' म्हणाला आन् गप्प. मला वाटलं भोंगा बंद पडला. बघतो तर तुमचा डावा हात असा..." त्यांनी टेबलावर हात पुढं केला आणि हवेत काहीतरी आवळून दाखवलं. "नळ बंद करताय जसं काही. मग खोकला लागला, पोरांनी पाणी दिलं. ओरडून ओरडून घसा बसला असंल म्हणलं."

मी उजव्या हातानं सगळं करतो. मला यातलं काहीही आठवत नाही. बाहेर येऊन कमिटीच्या पोरांना विचारलं. ते म्हणाले, "हो की, थांबला होतास. टेंपोचा धूर गेला ना घशात?" कितीच्या सुमाराला? "चहा सांगितला होता तेव्हा."

काशिनाथ डावरा होता. ते मला सुमनवहिनीनं नंतर सांगितलं.

तर मी सुटलो. आणि मी सुटल्यामुळं माझी साक्ष खोटी ठरली. मी आत असेन तर काशिनाथ नव्हता. मी आत नसेन तर मी लबाड, आणि लबाडाचा काशिनाथही नव्हताच. चौकशी बंद. हातमोजे दिलेले होते, चाक नवं होतं, कोणालाही काहीही झालेलं नव्हतं.

मी कोंडाण्याला गेलो. निकाल सांगायची हिंमत होईना, म्हणून दुसरंच सांगितलं. मला वाटलं, कोणी मान्य केलं नाही तरी निदान एका माणसाला ठाऊक आहे, आतून ठाऊक आहे, एवढ्यानं तरी त्याला बरं वाटेल. बाजेजवळ बसून मी त्याला सांगत गेलो. तुटलेलं चाक, दोन वेढे, खालून गाठ. गोड झालेली जीभ. तो माझ्याकडं बघायला लागला. पहिल्यांदाच. मी आणखी सांगितलं. 'नेस' म्हणालो ते सांगितलं.

त्याचे डोळे मोठे होत गेले. मी आजवर घाबरलेले कामगार खूप बघितलेत. मालकाला घाबरलेले, पोलिसाला घाबरलेले. हा मला घाबरला होता. पट्टीतला हात त्यानं हळूहळू ओढून छातीशी घेतला, पोरं खेळणं लपवतात तसा. मग कूस बदलली. त्याला कूस बदलताना काय वेदना होत असतील ते मला... नाही, ते मला ठाऊक नाही. भिंतीकडं तोंड केलं आणि परत वळला नाही.

सुमनवहिनी दारात होती. तिचा आवाज चढला नाही.

"नाव दत्तूभावजींनी नेलं. काम कंपनीनं नेलं. येवडं येक आत व्हतं तेंच्या, ते तुमी नेलंत. आता काय ऱ्हायलं वो तेंच्याकडं?"

"वहिनी, मी काय मुद्दाम..."

"मी कुटं म्हनते मुद्दाम म्हनून? जावा आता. परत येऊ नका."

त्याच आठवड्यात तो गेला. दाखल्यावर भडकलेला स्टोव्ह आहे. गावात विधी झाला, मी लांब आंब्याखाली उभा होतो. दत्तूही तिथंच येऊन उभा राहिला. म्हणाला, "मला येक सांग. तवा, चाकावर... माजी याद आली व्हती का रं त्याला?"

मी आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं. "नाही," म्हणालो. तो मान हलवून निघून गेला. अजून त्याच बिल्ल्यावर कामाला जातो.

कोणाला विचारायचं? आमच्या कमिटीत विचारलं तर म्हणाले, थकलायस, सुट्टी घे. आमच्या विहारात विचारलं तर म्हणाले, आत्मा नाही तर इकडून तिकडं गेलं काय? बरोबर आहे. काहीच गेलं नाही. मग माझ्याकडं आलं काय? शेवटी चिडून मास्तरांच्या ओटीवर गेलो. सगळं सांगितलं आणि म्हणालो, "घ्या. तुमचं पितळ एकच निघालं. खूश?"

मला वाटलं, ते आता श्लोक म्हणतील. त्यांनी समोरची पोथी मिटली.

"चाळीस वर्षं, मिलिंद," ते म्हणाले. "चाळीस वर्षं पहाटे उठून बसतो मी. एकदाही नाही. आणि तुला भोंग्यावर बोलताना..." मग एखाद्या लहान मुलानं मिठाईबद्दल विचारावं तसं म्हणाले, "कसं वाटलं रे? आनंद होता?"

"भाजलं, मास्तर."

"पण त्याच्या मागं? त्याच्या पलीकडं काही—"

"पलीकडं बायकोशी भांडण होतं. आणखी काही नव्हतं."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना माझ्या अंगातून ते काढून घ्यायचं होतं, आणि निघत नव्हतं. पुढच्या रविवारपासून त्यांनी ओटीवरचं व्याख्यान बंद केलं. त्याबद्दल मला वाईट वाटतं, हे लिहितानाही राग येतोय.

आता तुम्ही कारणं शोधाल. मीही शोधली. दत्तूनं सांगितलं असेल? चिंधी त्याच दिवशी बांधली होती, दत्तू तेव्हा कोंडाण्यात झोपलेला. वहिनीनं सांगितलं असेल? तिला चिंधी ठाऊक, चाक ठाऊक नाही. ऑफिसरला चाक ठाऊक, भांडण ठाऊक नाही. काशिनाथला सगळं ठाऊक, पण त्याला तोंड नव्हतं. आणि बाजारातला तो हात? दोन वर्षं झाली. माझ्याकडं स्पष्टीकरण नाही. असतं तर पत्रक काढलं असतं, तुम्हाला लिहिलं नसतं.

ते अजूनही आठवतं. जात नाही. इतर आठवणींसारखंच जुनं होत चाललंय, कडा झिजताहेत. कधी कधी मला लुगड्याचा हिरवा रंग नीट आठवत नाही, आणि मग घाम फुटतो. कारण ते आता एवढ्याच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण चुकीचं आहे.

मला एवढं कळलं: माणसामाणसात भिंत नाही म्हणणारे खरं बोलत असतील. असतील. पण भिंत पडली की घर कोणाचं जातं, ते बघा. माझं काही गेलं नाही. मला एक जास्तीची आठवण मिळाली, मास्तरांना हेवा वाटेल अशी. काशिनाथचं होतं नव्हतं ते गेलं. बिल्ल्यानं त्याला दत्तू केलं, कंपनीनं त्याला कोणीच नाही केलं, आणि मी, त्याच्या बाजूनं उभा राहिलेला मी, त्याला 'मी' करून टाकलं.

म्हणून तुमच्याकडं मागणी आहे. सहानुभूती नको, पत्रं नकोत, 'मलाही असाच अनुभव आला' हे तर मुळीच नको. हे वाचून तुमच्या मनात जर आलं असेल की 'शेवटी आपण सगळे एकच', तर ते गिळा. मासिक खाली ठेवायच्या आधी, घरात कोणी असलं तरी, मोठ्यानं म्हणा: काशिनाथ बाळू सोनावळे चाकावर होता. तो दत्तू नव्हता. तो मिलिंद नव्हता. तो मी नव्हतो. तो दुसरा होता.

म्हणा.